सुभेदार रामजी सकपाळ : सैनिक, शिक्षक आणि बाप

७ नोव्हेंबर आला की आपल्या शाळांमध्ये विद्यार्थी दिवस साजरा होतो. निबंध, भाषणं, फलकलेखन होतं. ७ नोव्हेंबर १९०० या दिवशी साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलमध्ये, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, एका नऊ वर्षांच्या मुलाचं नाव दाखल झालं. रजिस्टरमध्ये १९१४ या क्रमांकापुढे 'भिवा रामजी आंबेडकर' अशी नोंद आहे. याच दिवसाची आठवण म्हणून महाराष्ट्र शासनाने २०१७ पासून हा दिवस विद्यार्थी दिवस ठरवला.

या दिवशी होणाऱ्या भाषणांत एक वाक्य हमखास असतं : "त्यांचे वडील रामजी हे सैन्यात सुभेदार होते." बस्स. एवढं एक वाक्य म्हणायचं आणि पुढे जायचं. भीमाचं नाव त्या रजिस्टरमध्ये घालायला कुणीतरी त्याचं बोट धरून नेलं असेलच ना? आज आपण त्या बोट धरणाऱ्या माणसाबद्दल वाचू. बाबासाहेबांनी आपल्या वडिलांचं वर्णन करताना एक छान गोष्ट सांगून ठेवली आहे. वडील लष्करी अधिकारी होते आणि तितकेच धार्मिक वृत्तीचे होते, आणि मुलांना त्यांनी कडक शिस्तीत वाढवलं. लष्कर, धर्म आणि घर, या तीन गोष्टी एका माणसात कशा नांदल्या ते समजलं, की त्या एका वाक्यामागे केवढं आयुष्य आहे हे तुमच्या लक्षात येईल.

आधी घराणं. सकपाळ कुटुंब मूळचं रत्नागिरी जिल्ह्यातलं. मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे त्यांचं गाव. रामजींचे वडील मालोजी हेही ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात होते. त्या काळी महार समाजातल्या माणसाला गावात काय काम होतं? गावकीची हलकी कामं, निरोप पोचवणं, मेलेली जनावरं ओढणं, आणि त्या बदल्यात शिळी भाकर. सैन्य ही या चाकोरीतून बाहेर पडायची जवळजवळ एकमेव वाट होती. कोकणातली कितीतरी महार कुटुंबं या वाटेने गेली. रामजींच्या पत्नी भीमाबाई या मुरबाडकरांच्या घरातल्या. त्यांच्या माहेरची माणसंही सैन्यातच होती.

आता 'सुभेदार' म्हणजे काय, ते नीट समजून घेऊ, कारण परीक्षेत लिहिताना अनेक जण सुभेदार म्हणजे मोठ्या प्रांताचा अधिकारी असं समजतात. मोगल काळात तसा अर्थ होता. इंग्रजी सैन्यात मात्र शिपाई, नाईक, हवालदार, जमादार, सुभेदार आणि सुभेदार-मेजर अशी चढती पायरी होती. हिंदी माणसाला साधारणपणे इथपर्यंतच चढता येई. त्याच्या वर गोरे अधिकारी. नुकताच विलायतेहून आलेला कोवळा गोरा लेफ्टनंटसुद्धा आयुष्यभर नोकरी केलेल्या सुभेदाराच्या वर असे. तरीही आपल्या माणसांच्या दृष्टीने सुभेदार हा फार मानाचा हुद्दा होता. ज्या माणसाच्या सावलीचाही गावाला विटाळ, त्याला पलटणीत शंभर माणसं सलाम ठोकत. हा फरक किती मोठा असेल, याचा विचार करा.

पण रामजींची खरी ओळख बंदुकीची नव्हती, खडूची होती. आम्हा शिक्षकांना त्यांच्याबद्दल विशेष आपुलकी वाटते ती यामुळेच! त्यांनी पुण्याच्या नॉर्मल स्कूलमधून शिक्षकाची परीक्षा दिली होती. नॉर्मल स्कूल म्हणजे शिक्षक तयार करणारी शाळा, आजच्या डी.एड. कॉलेजसारखी. त्यानंतर ते लष्करी शाळेत शिक्षक झाले आणि पुढे चौदा वर्षं मुख्याध्यापक होते. महू ही मध्य भारतातली मोठी लष्करी छावणी. तिथेच १४ एप्रिल १८९१ रोजी त्यांचं चौदावं अपत्य, भीमराव, जन्मलं. चौदा मुलांपैकी मोजकीच जगली. त्या काळचं हे दुःख घरोघरी होतं, पण घरोघरी होतं म्हणून ते कुणाला कमी झालं असेल असं नाही.

लष्करात शाळा कशाला, असा प्रश्न तुम्हाला पडेल. कंपनी सरकारच्या काळात पलटणीतल्या हिंदी शिपायांना आणि त्यांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचं होतं. हो, मुलींनासुद्धा! बाहेर गावच्या शाळेत ज्यांना ओटीवरही उभं करत नसत, त्यांच्या लेकी छावणीत वाचायला शिकत होत्या. सरकारने हे दयेपोटी केलं असं समजायचं कारण नाही. शिपायाला हुकूम वाचता यावा, हिशेब कळावा, एवढीच त्यांची गरज होती. पण अक्षर एकदा आलं की ते फक्त हुकूम वाचून थांबत नाही. बाबासाहेबांनी पुढे लिहिलं आहे की या लष्करी शाळांमुळे अस्पृश्य समाजाला पहिल्यांदा स्वतःच्या स्थितीकडे नव्या नजरेने बघता आलं. दापोलीजवळचे गोपाळ बाबा वलंगकर हे असेच एक निवृत्त हवालदार. त्यांनी १८८८ मध्ये 'विटाळ विध्वंसन' हे पुस्तक लिहून धर्ममार्तंडांना जाहीर प्रश्न विचारले. पेन्शनर हवालदार लेखणी उचलतो ही गोष्ट छावणीतल्या शाळेशिवाय घडली नसती.

आणि मग ती वाटच बंद झाली.

१८९२ मध्ये सरकारने महारांची सैन्यभरती थांबवली. १८५७ नंतर इंग्रजांनी पलटणी जातवार लावायला सुरुवात केली होती. पुढे तर काही जाती 'लढवय्या' आणि काही लढवय्या नाहीत, असं एक तर्कटच त्यांनी मांडलं. कोरेगावच्या विजयस्तंभावर ज्यांच्या पूर्वजांची नावं कोरली होती, त्यांनाच आता सांगण्यात आलं की तुम्ही लढायच्या लायकीचे नाहीत. ज्यांची नोकरी चालू होती त्यांचं काय, हा प्रश्न होताच. पण त्याहून मोठा प्रश्न पुढच्या पिढीचा होता. भरती नाही म्हणजे छावणी नाही. छावणी नाही म्हणजे शाळा नाही. पगार नाही, पेन्शन नाही. पुन्हा गावकी आणि शिळी भाकर.

रामजी गप्प बसले नाहीत. महार समाजातल्या अधिकाऱ्यांनी या हुकुमाविरुद्ध हिंदुस्थान सरकारला अर्ज केला. त्या अर्जाचा मसुदा न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी तयार करून दिला होता. चरित्रकार धनंजय कीर यांच्या म्हणण्याप्रमाणे रामजींनीच रानड्यांकडे धाव घेतली होती. महात्मा फुल्यांशीही त्यांचा स्नेह होता. या अर्जाची एक प्रत रामजींनी आपल्या कागदपत्रांत जपून ठेवली. इथे एक गंमत सांगतो. रानडे वारले तेव्हा, जानेवारी १९०१ मध्ये, साताऱ्याच्या शाळेला सुटी मिळाली. लहानग्या भीमाला रानडे कोण हे ठाऊक नव्हतं. सुटी मिळाली म्हणून पोरं खूश! पुढे कितीतरी वर्षांनी वडिलांचं जुनं कागदांचं गाठोडं उलगडताना बाबासाहेबांना तो अर्ज सापडला. १९४३ मध्ये पुण्यात रानड्यांच्या जयंतीनिमित्त व्याख्यान देताना त्यांनी या दोन्ही आठवणी सांगितल्या.

अर्जाचा तेव्हा उपयोग झाला नाही. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडायला लागली तेव्हा सरकारला महारांची आठवण झाली आणि १९१७ मध्ये १११ महार ही पलटण उभी राहिली. युद्ध संपलं, गरज संपली, १९२१ मध्ये तीही मोडली. कायमची महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडलं. तोवर रामजींचा मुलगा सरकारच्या संरक्षणविषयक सल्लागार समितीवर बसला होता.

तर, १८९४ च्या सुमारास रामजी निवृत्त झाले. दरमहा ५० रुपये पेन्शन. आधी ते कुटुंबासह दापोलीला गेले. तिथे पेन्शनर लोकांची वस्ती होती. पण तिथे फार काळ मन रमलं नाही आणि मंडळी साताऱ्याला आली. साताऱ्यात रामजींना सरकारी बांधकाम खात्यात नोकरी लागली. पेन्शन आणि पगार मिळून आता बरे दिवस येतील असं वाटत असतानाच, १८९६ मध्ये भीमाबाई गेल्या. भीम तेव्हा पाच वर्षांचा होता. भीमाबाईंची समाधी साताऱ्यातच आहे. सातारची सहल निघाली की अजिंक्यतारा आणि राजवाडा बघता ना, तर तिथेही जाऊन या.

आता घरात रामजी, लहान मुलं आणि रामजींची बहीण मीराबाई. ही आत्या शरीराने अधू होती. पायाने धड चालता येत नसे, कधी कधी उचलून न्यावं लागे. पण जीव लावायला तिच्यासारखं माणूस नव्हतं. बाबासाहेबांनी तिचा उल्लेख नेहमी फार मायेनं केला आहे. पुढे रामजींनी दुसरं लग्न केलं. सावत्र आईच्या अंगावर आपल्या आईचे दागिने दिसले आणि भीमाला ते सहन झालं नाही. वडिलांच्या जिवावर जगायचं नाही, मुंबईला जाऊन गिरणीत काम करायचं, असं त्याने ठरवलं. भाड्यासाठी पैसे हवेत म्हणून आत्याच्या कमरेची पिशवी लांबवायचा प्रयत्न केला. काही रात्री फुकट गेल्या, शेवटी पिशवी हाती लागली, तर आत निघाला अर्धा आणा! त्या अर्ध्या आण्याने पोराला लाज वाटली आणि तो पुस्तकाकडे वळला. चरित्रांतली ही गोष्ट तुम्ही वाचली असेल. मला यात बापाची बाजूही दिसते. बायको गेलेली, बहीण अधू, नोकरी फिरतीची, पोरं लहान. दुसरं लग्न हा त्या काळी कुठल्याही घराने घेतला असता तोच निर्णय होता. आणि तरी मुलाचं दुखणं खोटं नव्हतं. एका घरात दोन माणसं एकाच वेळी बरोबर असू शकतात.

आता थोडा भूगोल. तेव्हाचा सातारा जिल्हा आजच्यापेक्षा बराच मोठा होता. आज सांगली जिल्ह्यात असलेले वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके तेव्हा साताऱ्यातच होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. या पट्ट्याचा पूर्व भाग म्हणजे खटाव, माण, आटपाडी, जत. पाऊस रुसलेला मुलूख. १८९९-१९०० मध्ये इथे भयंकर दुष्काळ पडला. माणसं हजारोंनी मरत होती. लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून सरकारने तलाव खोदायची कामं काढली. त्यातलंच एक काम खटाव तालुक्यातल्या गोरेगावला चालू होतं आणि तिथे रामजी कॅशियर होते. बघा, सरकारी पैशाचा हिशेब ज्याच्या हाती बिनघोर सोपवला होता, तो हा माणूस.

घरी साताऱ्यात मुलं आणि आत्या. स्वयंपाक कोण करणार? मुलंच करायची. भाकरी जमत नसे, म्हणून तांदूळ आणि मटण एकत्र टाकून पुलाव शिजवायचा आणि तोच खायचा. कॅशियरला ठिकाण सोडता येत नाही, म्हणून १९०१ च्या उन्हाळ्यात रामजींनी पत्र पाठवलं : सुटीत तुम्हीच इकडे या. येण्याचा दिवस कळवा, स्टेशनवर शिपाई पाठवतो. पोरांचा आनंद काय वर्णावा! नवे सदरे, जरीच्या टोप्या, नवे बूट, रेशीमकाठी धोतरं. भीम, त्याचा थोरला भाऊ आणि भाचा निघाले. साताऱ्याहून दहा मैलांवरच्या स्टेशनापर्यंत टांगा, आणि तिथून मिरजेकडे जाणारी आगगाडी. गोरेगावला जायचं तर मसूरला उतरायचं. आजही पुणे-मिरज लाईनवर मसूर स्टेशन आहे. शिक्षक मित्रांनो, नकाशावर हा प्रवास वर्गात जरूर काढून घ्या. सातारा, कोरेगाव, मसूर आणि तिथून पूर्वेला खटाव. मुलांना अंतर कळलं की पुढचं आपोआप कळतं.

मसूरला संध्याकाळी गाडीतून उतरले. स्टेशनवर कुणी नाही. शिपाई नाही, वडील नाहीत. कपडे इतके चांगले की स्टेशनमास्तरला ही ब्राह्मणाची मुलं वाटली. विचारपूस झाली, आणि जात सांगताच त्याचा चेहराच पालटला. बाहेर बैलगाड्या होत्या, पण एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं ठरलं. अट अशी की गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवान बाजूने पायी चालणार. रात्र झाली. बरोबर डबा होता, पण प्यायला पाणी नव्हतं. मागितलं तरी कुणी दिलं नाही. अन्न जवळ असून पोरं उपाशीपोटी झोपली. गोरेगावला पोचली ती दुसऱ्या दिवशी.

आणि वडील? मुलांना दारात बघून ते चकितच झाले. त्यांना काही माहीतच नव्हतं! मुलांचं पत्र आलं होतं, पण ते शिपायाने त्यांच्या हाती दिलंच नव्हतं. ही गोष्ट आपण नेहमी भीमाच्या बाजूने वाचतो आणि ते योग्यच आहे, ती त्याची जखम आहे. पण क्षणभर रामजींच्या जागी उभं राहून बघा. छावणीत आयुष्य काढलेला माणूस. तिथे हुद्दा होता, वर्दी होती, शिस्त होती. मुलांना त्यांनी चांगले कपडे घेतले, टापटीप राहायला शिकवलं, शुद्ध बोलायला शिकवलं. एवढं केलं की जग मान देईल असं वाटणं साहजिक होतं. आणि एका स्टेशनच्या फलाटावर कळलं की टोपीची जर आणि बुटाची चमक यांचं मोल जात सांगेपर्यंतच होतं. रामजींना हे नवीन नसणार. पण स्वतः सोसणं वेगळं आणि तहानलेली पोरं बघणं वेगळं.

शाळेतही वेगळं नव्हतं. भीम वर्गात कोपऱ्यात, घरून आणलेल्या गोणपाटावर बसायचा. नळाला हात लावायचा नाही. शिपाई असेल तर पाणी, नाहीतर तहान. त्याच शाळेत आंबेडकर आडनावाचे एक ब्राह्मण शिक्षक होते. मधल्या सुटीत ते भीमाला आपल्यातली भाजी-भाकरी देत. आंबडवेकर हे नाव बोलायला अवघड म्हणून त्यांनीच आपलं आडनाव लावायला सांगितलं, अशी आठवण बाबासाहेबांनी सांगितली आहे.

आता येऊ या रामजींच्या घरातल्या शाळेकडे. ती साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलपेक्षा कमी महत्त्वाची नव्हती, असं माझं स्पष्ट मत आहे. रामजी कबीरपंथी होते. त्यांचे वडील रामानंदी होते. कबीर हे पंधराव्या शतकातले संत, मूर्तिपूजा आणि जातिभेद या दोहोंवर कोरडे ओढणारे. कबीरपंथात जात विचारायची नाही, दारूला शिवायचं नाही. घरात सकाळ-संध्याकाळ भजन, अभंग, दोहे चालत. बाबासाहेबांनी पुढे बुद्ध, कबीर आणि फुले यांना आपले तीन गुरू मानलं. त्यातले कबीर त्यांना घरातच भेटले होते.

पण रामजींचा धर्म सरळ रेषेत चालणारा नव्हता. मूर्तिपूजा न मानणारा हा माणूस मुलांच्या हौसेसाठी घरात गणपती बसवायचा. आणि रोज रात्री झोपण्याआधी भीम आणि त्याचा भाऊ यांनी बहिणींना आणि जमलेल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना रामायण किंवा महाभारत वाचून दाखवायचं, हा घरचा नियम. वर्षानुवर्षं हे चाललं. सुभेदाराचा हुकूम, मोडणार कोण?

मोडला नाही, पण एकाने प्रश्न मात्र विचारला. भीमाने वडिलांना विचारलं, ज्या ग्रंथांत ब्राह्मण-क्षत्रियांची थोरवी आणि शूद्रांची अवहेलना आहे, ते तुम्ही आम्हाला का वाचायला लावता? रामजींना हे आवडलं नाही. उगाच वेड्यासारखे प्रश्न विचारू नका, सांगितलं तेवढं करा, असं म्हणून त्यांनी विषय मिटवला. आपल्यापैकी किती घरांत, किती वर्गांत हेच उत्तर मिळतं! पण भीम आईवेगळं लेकरू, घरात तोच एकटा वडिलांशी थोडं मोकळं बोलू शकायचा. काही दिवसांनी त्याने तोच प्रश्न पुन्हा विचारला. आणि या वेळी रामजींकडे उत्तर तयार होतं. म्हणजे मधल्या दिवसांत त्यांनी त्यावर विचार केला होता. ते म्हणाले, आपण अस्पृश्य आहोत, त्यामुळे आपण कमी आहोत असं तुमच्या मनात यायचा धोका आहे. ते मनातून जावं म्हणून हे वाचायचं. द्रोण आणि कर्ण बघा, साध्या घरातली माणसं कुठल्या उंचीला पोचली. वाल्मीकी कोळी होता, पण रामायण त्याने लिहिलं.

भीमाचं समाधान झालं नाही. द्रोण त्याला पटला नाही, भीष्म-कृष्णही पटले नाहीत, आणि हे त्याने वडिलांना सांगितलंही. पुढे त्याची वाट वेगळ्या दिशेने गेली, हे आपल्याला माहीत आहे. पण शिक्षक म्हणून मला या प्रसंगात रामजी फार मोठे वाटतात. रागावलेला बाप दुसऱ्यांदा विचारलेल्या प्रश्नाला उत्तर घेऊन येतो! आणि रोज रात्री मोठ्याने, लोकांसमोर, अर्थ लागेल असं वाचायची ती सवय भीमाला वर्गातल्या गोणपाटावर बसून कुणी लावली नसती.

इंग्रजीही घरीच पक्कं झालं. हॉवर्डची इंग्रजी पुस्तकं आणि तर्खडकरांची भाषांतरमाला रामजींनी मुलाकडून घोटून घेतली. भाषांतर करताना शब्द नेमका हवा, हा त्यांचा आग्रह होता.

१९०४ मध्ये सगळे मुंबईला, परळच्या डबक चाळीत राहायला आले. एकच खोली. त्यातच चूल, सरपण, जातं, आणि त्यातच माणसं झोपायची. भीमाने अभ्यास करायचा कधी? रामजींनी यावर लष्करी पहाऱ्याचा उपाय काढला. भीम लवकर झोपायचा. रामजी रात्री दोनपर्यंत जागे राहायचे, मग भीमाला उठवायचे आणि त्याच्या जागेवर स्वतः आडवे व्हायचे. पहाटेपर्यंत भीम दिव्याच्या उजेडात वाचत बसायचा. पुस्तकं विकत घ्यायला पैसे नसले की रामजी लग्न झालेल्या मुलींकडे जायचे. त्यांचा एखादा दागिना मागायचे, गहाण ठेवायचे, पेन्शन आली की सोडवून परत द्यायचे. आणि पुन्हा नवीन पुस्तकाची यादी आली की पुन्हा तेच. पन्नास रुपयांत दोन्ही मुलं शिकणं शक्य नव्हतं. थोरल्या आनंदरावाने शाळा सोडून नोकरी धरली. या घराने एका मुलाचं शिक्षण केलं त्यात दुसऱ्याची शाळा आणि बहिणींचे दागिने आहेत, हे निबंधात लिहायला विसरू नका.

पोराचं कौतुक मात्र रामजी जपून करायचे. भीम परीक्षा पास झाला म्हणून वस्तीतल्या लोकांना सभा घ्यायची होती, तर रामजी नको म्हणाले. पोराच्या डोक्यात हवा जाईल! लोक मग कृष्णराव अर्जुन केळूसकर गुरुजींकडे गेले, ते रामजींचे स्नेही. त्यांच्या शब्दापुढे रामजींचं चाललं नाही. त्या सभेत केळूसकरांनी आपणच लिहिलेलं बुद्धचरित्र भीमाला भेट दिलं. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले, ७५० पैकी २८२ गुण मिळाले. आजच्या मार्कांच्या शर्यतीत हा आकडा मुद्दाम लक्षात ठेवा. पुढे केळूसकरांच्याच प्रयत्नाने बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती मिळाली आणि १९१२ मध्ये भीमराव बी.ए. झाले.

१९१३ च्या जानेवारीत भीमराव बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. रामजींच्या मनात ते नव्हतं. बडोद्यात जातीमुळे मुलाला काय सोसावं लागेल याचा त्यांना अंदाज असावा. थोड्याच दिवसांत तार आली, वडील अत्यवस्थ. भीमराव तसेच निघाले. वाटेत सुरत स्टेशनवर वडिलांसाठी मिठाई घ्यायला उतरले आणि तेवढ्यात गाडी सुटली. पुढची गाडी मिळून घरी पोचायला दुसरा दिवस उजाडला. रामजींचे डोळे दाराकडे लागले होते. त्यांनी मुलाला पाहिलं, त्याच्या पाठीवर थरथरता हात ठेवला, आणि २ फेब्रुवारी १९१३ रोजी त्यांनी प्राण सोडला.

त्याच वर्षी जुलै महिन्यात भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.